शस्त्रक्रियेनंतरची पाठ आणि शेजाऱ्याचा व्यायाम

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यवसाय आहे. दुकानात आता काचेची कपाटे आली, संगणक आला. परंतु आत डाव्या हाताला जुनी गादी अजून आहे, तिच्यावर लोड आहेत, आणि त्या लोडाला टेकून आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, ३६ वर्षे मांडी घालून बसत आले. मणक्यांमधील कूर्चेलाही मराठीत आपण गादीच म्हणतो. एका गादीने दुसरी गादी खाल्ली, असे दादा आता हसत सांगतात. डॉक्टरांना मात्र इतके सरळ कारण मान्य नाही. वय, आनुवंशिकता, ओझी उचलण्याच्या सवयी अशा अनेक गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात, असे ते म्हणतात.

गतवर्षी दिवाळीचा हंगाम संपताच दादांची शस्त्रक्रिया झाली. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादीचा फुगवटा बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाबत होता. उजव्या पायात पोटरीपर्यंत कळ येई, अंगठा बधिर झाला होता, आणि चालताना चप्पल पायातून निसटे तरी कळत नसे. फुगवट्याचा तुकडा काढला, दुसऱ्याच दिवशी दादा स्वतःच्या पायांनी चालले, पायाची कळ जवळजवळ नाहीशी झाली. घरात सर्वांना वाटले, संकट टळले.

संकट आले ते तिसऱ्या आठवड्यात, आणि तेही हितचिंतकाच्या पावलांनी. आमच्या ओळीतील एका आडत्यांचे काही वर्षांपूर्वी कमरेचेच ऑपरेशन झाले होते. ते भेटायला आले आणि अत्यंत आपुलकीने म्हणाले, "शेठ, मी एकच व्यायाम केला आणि आज घोड्यासारखा फिरतो. पाठीवर झोपायचे, दोन्ही गुडघे छातीशी ओढून घट्ट धरायचे, सकाळ-संध्याकाळ वीस वेळा." लग्नसराई तोंडावर आली होती. दादांना दुकानात जाण्याची घाई होती. रुग्णालयातून निघताना मिळालेल्या कागदावर 'केवळ चालणे, वाकू नये' एवढेच लिहिले होते, आणि एवढ्याने काय होणार असे त्यांना वाटत होते. त्यांनी तो व्यायाम सुरू केला. सातव्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना पायातून पुन्हा तीच वीज गेली, थेट अंगठ्यापर्यंत.

त्या दिवशी आमच्या वहिनींचा चेहरा मी विसरू शकत नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचारही कुणाला सहन होत नव्हता. एमआरआय झाला. त्याच जागी गादी थोडीशी पुन्हा पुढे सरकली होती; सुदैवाने पायाची शक्ती कमी झालेली नव्हती, म्हणून शल्यविशारदांनी औषधे व विश्रांती देऊन वाट पाहण्याचे ठरवले. गादीच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांपैकी साधारण ५ ते १५ जणांमध्ये तो फुगवटा पुन्हा उद्भवतो, हे आम्हाला तेव्हा कळले. अशा वेळी दोष नेहमी व्यायामाचाच असतो असे नाही. काहीही न करताही असे होऊ शकते. पण दादांच्या बाबतीत सात दिवसांचा हिशेब समोर होता.

नंतर ज्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे आम्ही जाऊ लागलो, त्या वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिल्या भेटीत व्यायाम शिकवला नाही. तीन प्रश्न विचारले. "काका, तुमचे ऑपरेशन नक्की कोणते झाले? किती दिवस झाले? आणि हालचाल केल्यावर दुखणे कुठे जाते, वर की खाली?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर दादांना देता आले नाही. "मणक्याचे," एवढेच ते म्हणाले. लाखभर रुपयांच्या मालाचे बिल ओळ न् ओळ तपासणारा हा माणूस स्वतःच्या पाठीचा कागद न वाचता कपाटात ठेवून मोकळा झाला होता.

एकाचे औषध, दुसऱ्याचे अपथ्य

'मणक्याचे ऑपरेशन' हा एक शब्द असला तरी त्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, दादांची: गादीचा बाहेर आलेला भाग काढणे. ही शस्त्रक्रिया वैद्यकविश्वात प्रस्थापित झाली ती मिक्स्टर व बार या अमेरिकन डॉक्टरांच्या १९३४ सालच्या लेखापासून. दुसरी, नसांच्या अरुंद झालेल्या नळीला जागा करून देण्यासाठी मणक्याच्या मागील कमानीचे हाड काढणे. ही बहुधा उतारवयात करावी लागते. तिसरी, दोन किंवा अधिक मणके स्क्रू व सळ्या बसवून, हाडाची कलमे लावून एकमेकांशी कायमचे जोडणे. तिन्हींची जखम बाहेरून सारखीच दिसते. आतील परिस्थिती मात्र एवढी भिन्न असते, की एकीला मानवणारी हालचाल दुसरीला घातक ठरावी.

आमच्या शेजाऱ्यांचे ऑपरेशन दुसऱ्या प्रकारचे होते. अशा रुग्णांना कंबर पुढे वाकवली की बरे वाटते, कारण त्या स्थितीत मागची नळी किंचित रुंद होते. ज्यांना ताठ चालताना पाय भरून येतात, पण हातगाडीच्या दांड्यावर रेलून कितीही चालवते, ते याच जातीचे रुग्ण. गुडघे छातीशी ओढणे त्यांना खरोखरच मानवते. दादांच्या गादीचे गणित याच्या उलट. कंबर पुढे वाकली की गादीच्या पुढील कडेवर दाब येतो आणि आतील मऊ गर मागे ढकलला जातो. नेमके त्याच बाजूला शस्त्रक्रियेच्या वेळचे छिद्र भरून येत असते.

हा विरोध काही आमच्या पेठेने शोधून काढलेला नाही. १९३७ मध्ये अमेरिकेतील पॉल विल्यम्स यांनी पाठदुखीसाठी पुढे वाकण्याचे व्यायाम मांडले आणि कित्येक दशके तेच सर्वांना सांगितले जात. नंतर न्यूझीलंडमधील रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने उलटी दिशा दाखवली. त्याची हकिगत मोठी रंजक आहे. १९५६ साली त्यांच्या दवाखान्यात एक रुग्ण, डोक्याकडचा भाग उंच करून ठेवलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला. त्यामुळे त्याची कंबर मागे वाकलेल्या स्थितीत काही मिनिटे राहिली. मॅकेन्झी आत येऊन पाहतात तर काय, कित्येक आठवडे न हटलेली पायाची कळ गेली होती! आपल्याकडील भुजंगासनाची आठवण व्हावी अशी ती स्थिती. पण म्हणून भुजंगासन सर्वांना चांगले, असे म्हणण्याची घाई करू नये. नळी अरुंद असलेल्या माणसाला त्याने पाय बधिर होऊ शकतात, आणि मणके नुकतेच जोडलेल्या माणसाने तर सुरुवातीला ते करूच नये.

घरातील वयोवृद्ध स्त्रियांसाठी येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हाडे ठिसूळ होऊन मणका दबणे व त्यात सिमेंट भरण्याची वेळ येणे हे आता पुष्कळ घरांत दिसते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अशा ठिसूळ हाडांच्या ५९ स्त्रियांवर केलेला अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांचे आणखी मणके दबले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. अभ्यास लहान आहे, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. आजींना कुणी पायाचे अंगठे धरायला सांगितले, तर हे आकडे आठवावेत.

दिवसांचा हिशेब

ताईंचा दुसरा प्रश्न दिवसांचा. यात आपल्या घरांतून दोन विरुद्ध चुका होतात. पुरुषमंडळी दुकानाकडे धाव घेतात, आणि घरातील स्त्रिया त्यांना महिनाभर अंथरुणावरून हलू देत नाहीत. दुसरी चूक मायेतून होते म्हणून ती चूक वाटत नाही. गादीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांविषयी जगभरातील चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर ४ ते ६ आठवड्यांनी शिस्तबद्ध व्यायाम सुरू करणाऱ्यांचे दुखणे व परावलंबन काहीही न करणाऱ्यांपेक्षा लवकर कमी होते, आणि त्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेचे प्रमाण वाढल्याचे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे भिऊन पडून राहणे हा सुरक्षित मार्ग नव्हे.

पहिल्या दिवसांतील खरा व्यायाम म्हणजे चालणे. दादांना तो क्षुल्लक वाटला होता. एकदम अर्धा तास नव्हे, तर पाच-पाच मिनिटे, दिवसातून पाच-सहा वेळा, सपाट जमिनीवर. मग दर दोन-तीन दिवसांनी मिनिटा-दोन मिनिटांची भर. अंथरुणात पडल्या पडल्या घोटे वर-खाली करणे, म्हणजे पायांत रक्त साचत नाही. दीर्घ श्वास. आणि अंथरुणातून उठण्याची रीत, जी ताईंनी दादांना व आम्हा सर्वांना दहा वेळा करून दाखवली: आधी गुडघे वाकवायचे, खांदे व कंबर एकाच वेळी वळवून लाकडाच्या ओंडक्यासारखे कुशीवर व्हायचे, पाय पलंगाखाली सोडत हातांनी अंग वर ढकलायचे. पाठीवरून थेट उठून बसणे निषिद्ध.

जखम भरल्यावर, आणि शल्यविशारदांची अनुमती मिळाल्यावर, पुढची पायरी. पोटाचे स्नायू हलकेच आवळून धरायचे, जणू कुणी पोटावर चापट मारणार आहे, पण श्वास मात्र रोखायचा नाही. त्या आवळलेल्या स्थितीत एक टाच अंथरुणावरून सरकवायची, परत आणायची. दिसायला हे फारच साधे. दादा पहिल्या दिवशी म्हणाले, "याला व्यायाम म्हणतात?" ताईंनी त्यांच्या कमरेखाली हात ठेवला आणि दाखवून दिले की तिसऱ्याच वेळी कंबर हलत होती.

सहा आठवड्यांच्या आसपास, सर्व ठीक असल्यास, जोर लागणारे व्यायाम येतात. पाठीवर झोपून नितंब उचलणे. भिंतीला पाठ टेकवून अर्धे खाली बसणे. हात-गुडघ्यांवर ओणवे राहून एक हात व विरुद्ध पाय सरळ लांब करणे. यातला शेवटचा व्यायाम कॅनडातील स्टुअर्ट मॅकगिल या पाठीच्या अभ्यासकाने निवडलेल्या तीन व्यायामांपैकी एक. त्यांच्या निवडीची कसोटी मला फार पटली: स्नायू पुरेसे कामाला लागावेत, पण मणक्यांवर भार कमीत कमी यावा. पाठीवर झोपून धड उचलण्याचा शाळेतला व्यायाम या कसोटीला उतरत नाही. त्यात मणक्यांवर तीन हजार न्यूटनहून अधिक, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलो वजनाइतका दाब येतो, असे त्यांची मोजमापे सांगतात. पोट कमी करण्यासाठी म्हणून ज्यांनी तो चालू ठेवला असेल, त्यांनी निदान शस्त्रक्रियेनंतर तरी तो विसरावा. दोन्ही पाय सरळ ठेवून एकदम उचलणे, पश्चिमोत्तानासन, हलासन, अर्धमत्स्येंद्रासन हेही पहिल्या काही महिन्यांत नको. सूर्यनमस्कार आरोग्याला कितीही चांगला असला, तरी त्यात पादहस्तासन आहे हे लक्षात ठेवावे.

मणके जोडलेल्यांचे दिनमान निराळे असते. स्क्रू पहिल्या दिवसापासून धरून ठेवतात, परंतु हाडाला हाड सांधायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. तोवर चालणे हाच मुख्य व्यायाम, आणि कंबर 'मोकळी' करण्याचा कोणताही प्रयत्न म्हणजे ओल्या भिंतीला धक्का देणे. जोडलेली जागा पुढे कधीच वाकणार नसते; ते काम खुब्याच्या सांध्याकडे सोपवायला शिकावे लागते. धूम्रपानाने हाड सांधण्यास विलंब होतो, हेही डॉक्टर आवर्जून सांगतात. मानेच्या शस्त्रक्रियेचे नियम आणखी वेगळे. तिथे मान गोल फिरवण्याचा प्रचलित व्यायाम कुणाच्या सांगण्यावरून करू नये एवढेच येथे म्हणतो.

तिसरा प्रश्न, दुखणे वर जाते की खाली, हा रुग्णाच्या स्वतःच्या हातातला तराजू आहे. व्यायामानंतर पायातील कळ आखडत मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. उलट कंबर मोकळी वाटली, पण कळ पोटरीत, पावलात उतरली, तर तो व्यायाम तत्काळ थांबवायचा. दादांची फसगत इथेच झाली होती. गुडघे छातीशी घेतल्यावर कमरेला ताण बसून छान वाटे, म्हणून त्यांनी पोटरीतल्या मुंग्यांकडे काणाडोळा केला. स्नायूंचे साधे दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरते. ओसरले नाही, तर मात्रा जास्त झाली असे समजावे.

काही लक्षणांत मात्र व्यायामाचा विचारही करू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे: लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघांच्या आतील व गुदद्वाराभोवतीची जागा बधिर होणे, पाऊल उचलेनासे होणे. लघवीची तक्रार आपल्याकडे संकोचाने लपवली जाते. तो संकोच आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो. ताप, जखमेतून पाणी, एका पोटरीला सूज, छातीत दुखणे यांचीही तीच गत. आणि पाठ चोळून, चटका देऊन 'हाड बसवून' देणारे जे असतात, त्यांच्याकडे शस्त्रक्रिया झालेली पाठ नेऊ नये.

गादी, वंदना आणि पायऱ्या

दिवसातून वीस मिनिटे व्यायाम आणि उरलेले तास पूर्वीसारखेच, असे चालत नाही. १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथे एका स्वयंसेवकाच्या कमरेतील गादीत दाबमापक बसवून निरनिराळ्या स्थितींतील दाब मोजला गेला. उभे राहताना जेवढा दाब होता त्याच्या साडेचार पट दाब पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना भरला. गुडघे वाकवून तेच वजन उचलताना साडेतीन पटींच्या आत राहिला. आणि तेच वजन उभ्याने अंगाजवळ धरले असता जेमतेम दुपटीच्या थोडा वर. कापडाचा तागा खालच्या फळीवरून कसा काढावा आणि पोटाशी का धरावा, हे दुकानातील पोऱ्याला शिकवण्याची गोष्ट या तीन आकड्यांत आहे. आम्ही जड तागे कमरेच्या उंचीच्या फळ्यांवर आणले. दादा आता गल्ल्याजवळ खुर्चीवर बसतात, आणि दर अर्ध्या तासाने उठून दाराशी जाऊन येतात. गिऱ्हाइकांनाही त्यात मान मिळाल्यासारखे वाटते.

आराधनेचा प्रश्न याहून नाजूक होता. सामायिकाची ४८ मिनिटे जमिनीवर एकाच बैठकीत, आणि प्रतिक्रमणातील पंचांग प्रणिपात. दादांनी यात खंड पडू दिला नव्हता. ताई आपल्या समाजातल्या नव्हत्या, त्यांना ते समजावून सांगावे लागले. त्यांनी एक माहिती दिली जी आम्हाला नवी होती. रात्रभर आडवे राहिल्याने गादी पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून पहाटेचा पहिला तास वाकण्यासाठी सर्वांत वाईट. १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात जुनाट पाठदुखीच्या लोकांनी केवळ सकाळचे वाकणे टाळले, तरी त्यांचे दुखणे कमी झाले. ते लोक शस्त्रक्रिया झालेले नव्हते, पण तत्त्व तेच. पहाटेच्या प्रतिक्रमणातील वंदना हीच ती वेळ! दादांनी गुरुमहाराजांना विचारले. शरीर असमर्थ असेल तेव्हा खुर्चीवर बसून आराधना करावी, हात जोडून मस्तक नमवावे, असे त्यांनी सांगितले. कायोत्सर्ग तर उभ्याने, बसून, निजूनही होतो, हे दादांना ठाऊकच होते. आता ते उभ्याने करतात.

एका महिन्यात लग्नसराई दादांशिवाय पार पडली. त्यांना त्याचे थोडे दुःखच झाले असावे. चौथ्या महिन्यात ताईंनी पाठीवर उभी काठी धरून, डोके, पाठ व माकडहाड तिला टेकलेले ठेवून, केवळ खुब्यातून झुकायला शिकवले. पाचव्या महिन्यात दादा पाच किलोचा गठ्ठा त्या पद्धतीने उचलू लागले. अंगठ्याचा बधिरपणा थोडा उरला आहे. नसा सावकाश बऱ्या होतात, आणि काही वेळा पूर्ण होत नाहीत, हे आम्हाला आधीच सांगण्यात आले होते.

परवा त्यांनी विचारले, "ताई, पालीताण्याला केव्हा जाता येईल?" शत्रुंजयाच्या सुमारे ३,५०० पायऱ्या आहेत, हे ऐकून त्यांनी वहीत काहीतरी मांडले आणि म्हणाल्या, "काका, चढण्याची मला चिंता नाही, उतरण्याची आहे. उतरताना प्रत्येक पायरीला कमरेला हादरा बसतो. आधी तुमच्या घराचे तीन मजले, चढून आणि उतरून, रोज दोनदा. पाय दुखतात की कंबर, की कळ खाली उतरते, ते रोज लिहून आणा." दादांनी त्यासाठी एक जुनी खतावणी काढली आहे. डाव्या बाजूला चढलेल्या पायऱ्या, उजव्या बाजूला दुखणे. आजपर्यंतची सर्वांत मोठी नोंद २१६ पायऱ्यांची आहे.